रिकामं जातं

बदलापूर गावात रखमाबाईच्या जात्याचं भारी कौतुक होतं. वेळ नाही, काळ नाही, बाई आपली दळायला बसलेली. दिवेलागणीला जातं, भर दुपारी जातं, शेजारी पाहुणे आलेले असतानाही जातं. आळशी सुनांना सासवा ऐकवत, "त्या रखमीच्या पायाचं तीर्थ घे जरा." आता भाताच्या मुलखात माणसं दळून दळून दळणार किती? भाकरीला तांदळाचं पीठ लागतं हे खरं, पण घरात खाणारी तोंडं चार, त्यातलं एक दूधपितं. तेवढ्याला इतकं दळण कसं लागतं, हे गावात कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

उत्तर तिच्या सुनेला, कौसाला, पाठ होतं. तिचा नवरा हिंदुराव हात उगारायच्या आधी डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावायचा. टोपी म्हणजे घराण्याची इज्जत. ती झटापटीत खाली पडता कामा नये, एवढी रीतभात त्याच्यापाशी होती. टोपी खुंटीला लागली की रखमाबाई गुपचूप उठायची. रस्त्याकडची खिडकी लावायची, दार लावायची, कडी घालायची आणि जात्याचा खुंटा धरायची. जात्यात दाणा नसायचा. रिकामं जातं फिरवू नये, घरात अवदसा शिरते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण दाणा घातलेलं जातं नुसतं घुमतं, आणि रिकामं जातं ओरडतं. दगडावर दगड घासला की त्याखाली बाईचा आवाज बुडून जातो. सगळं उरकून हिंदुराव टोपी घालून बाहेर पडला की कौसा पडल्या जागेवरून म्हणायची, "झालं." मग जातं थांबायचं, आणि सासू उठून हळद गरम करायला लागायची.

अशाच एका दुपारी तिचं उजवं मनगट मोडलं. गावातल्या वैदूनं ते बसवलं, पण वाकडं बसवलं. भावाकडे जाऊन काही उपयोग नव्हता. भावानं तिला याआधी दोनदा आणून घातलं होतं, आणि दुसऱ्या वेळी तर दारातूनच परत गेला होता. म्हणून तिसऱ्या वेळी ती माहेरी गेलीच नाही. धुणं घेऊन नदीवर गेली, गाठोडं दगडावर ठेवलं आणि रुळांच्या कडेकडेनं चालत सुटली. सखू तेव्हा साडेचार वर्षांची होती आणि घरी आजीपाशी खेळत होती. पोरीला बरोबर घेतलं असतं तर संशय आला असता आणि दोघीही सापडल्या असत्या, असं कौसा नंतर मनाला सांगत राहिली. मन ऐकायचं, पण मानायचं नाही.

ती पोहोचली ती कॅम्पात. सरकारनं त्याला उल्हासनगर असं नवंकोरं नाव दिलं होतं, पण आसपासचे लोक कॅम्पच म्हणत. लढाईतल्या शिपायांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, आणि त्यांत सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं, मध्ये गोणपाटाचे पडदे लावून राहिलेली. तिथल्या नळावर पोपटीबाई नावाच्या एका थोराड सिंधी बाईनं तिला पाहिलं, तिचं मनगट पाहिलं, आणि एकच गोष्ट विचारली.

"बेलना आता है?"

पोपटीबाई पापडांचं काम करायची. उडदाचं पीठ, भरड मिरी, तेलाचा हात लावून मुसळानं कुटून कुटून मऊ केलेला गोळा, आणि मग पोळपाटावर लाटणं. पापड असा की पलीकडचा हात दिसावा. कौसाच्या उजव्या हातात जोर उरला नव्हता, त्यामुळे तिचा पापड एका अंगाला जाड यायचा. पोपटीबाईनं तिला डाव्या हाताचा भार द्यायला आणि पापड फिरवत राहायला शिकवलं. मोडलेल्या मनगटाबद्दल तिनं कधी विचारलं नाही. सोडून आलेल्या घराबद्दल कुणाला विचारू नये, हे त्या बराकीत कुणालाच शिकवावं लागत नव्हतं.

पहिले काही महिने कुठे भांडं पडलं तरी कौसाचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर जायचे. पुढे जाईनासे झाले. बराकीच्या टोकाला तिला एक खोपटं मिळालं, स्वतःची चूल झाली. त्या खोपटाच्या दाराला आतून कडी होती आणि ती लावायची की नाही हे ती स्वतः ठरवायची. पहिल्या रात्री तिनं ती कडी उगाचच चार वेळा लावली आणि काढली. उलट्या घातलेल्या बाजेवर पापड वाळत घालताना एकदा ती कुणाच्या तरी बोलण्यावर हसली, आणि आपण हसलो हे कळल्यावर रडली, कारण सखू तिथं नव्हती. सगळं मिळालं होतं आणि पोर राहिली होती. जेवताना प्रत्येक घासाला तिला ते आठवायचं.

अंबरनाथच्या देवळात महाशिवरात्रीला जत्रा भरते. रखमाबाई ती जत्रा चुकवायची नाही, हे कौसाला ठाऊक होतं. कॅम्पात आल्यावरची पहिली शिवरात्र तिनं भीतीनं घरात काढली होती. दुसरीला ती सकाळपासून देवळाखालच्या ओढ्यापाशी उभी राहिली, आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिला सासू दिसली. तिच्या बोटाला धरून सखू चालत होती. सहा वर्षांची झाली होती, समोरचे दात पडले होते, आणि परकर आखूड झाला होता.

"सखू," कौसा खाली बसून म्हणाली.

पोर आजीच्या पदराआड गेली. कौसाला ते लागलं, पण तिनं हात पुढे केला तसा हळूहळू एक लहान हात त्यात आला. तळव्याला काहीतरी टणक लागलं. तिनं हात उलटा करून पाहिला. बोटांच्या मुळाशी फोड येऊन, फुटून, घट्टे पडले होते.

"आत्या, पोरीला दलायला बसवता?" सासूला ती आत्याच म्हणायची. "एवढ्याशा पोरीला?"

"खेलते ती जात्याशी. पोरांचं काय."

"खेलून घट्टे पडतात?"

एवढं रणरणतं ऊन होतं, तरी रखमाबाईनं डावा हात पदराखाली घट्ट गुंडाळून घेतला होता. कौसाला ते दिसलं, पण तिच्या डोळ्यापुढे ते घट्टे होते आणि डोक्यात राग भरला होता. मी गेल्यावर माझ्या पोरीला घाण्याला जुंपलं, एवढंच तिच्या मनात आलं.

"हिंदुराव काडी द्यायला तयार हाय," रखमाबाई जमिनीकडे बघत म्हणाली. कौसा दिसली तर सांग म्हणून पढवून पाठवल्यासारखं बोलली. "अवस झाली की पहिल्या सोमवारी पंच बसतील. आपल्याच ओटीवर."

"घरी कशाला? देवलात बसा."

"त्याचं तसं म्हननं हाय. पोर पायजे तर ये, म्हनला."

काडीमोड म्हणजे त्या भावकीतली फारकत. नवऱ्यानं पंचांसमोर गवताची काडी मोडून बायकोपुढे टाकायची. काडी मोडली की बाई मोकळी, आणि दोष नवऱ्याचा ठरला तर लहान पोरही तिच्याकडे. सोपं वाटतं, पण त्याला दोन खिळे होते. एक असा, की फारकतीचं बोलणं चालू असताना बाई नवऱ्याची पायरी चढली किंवा त्या घरचं पाणी प्याली, की ती परत नांदायला आली असं धरायचे. दुसरा याहून पक्का. नवऱ्यानं टोपी काढून पंचांच्या पायाशी ठेवली आणि 'नीट नांदवतो' असं वचन दिलं, की बाईला नाही म्हणायची सोय उरत नसे. मग काडी नाही आणि पोरही नाही. बायकोनं तरीही पाठ फिरवलीच तर तिनं एकटीनं फिरवायची आणि पुन्हा त्या गावाचं नाव घ्यायचं नाही.

हिंदुरावाला काडी द्यायची असती तर त्यानं देवळात दिली असती. घरी बोलावण्यात काय मेख आहे ते कौसाला शिवरात्रीच्या त्या उन्हातच कळलं होतं. कळूनही जाणं भाग होतं.

"मत जा," पोपटीबाई म्हणाली. मग कौसाच्या तोंडाकडे पाहून तिनं लाटणं बाजूला ठेवलं. "अच्छा. फिर मैं भी चलूँगी."

सोमवारी सकाळी दोघी बदलापूरला उतरल्या आणि गावाकडे चालत निघाल्या. स्टेशनपासून गाव चांगलं लांब आहे. कौसाचे पाय वाट ओळखत होते आणि प्रत्येक वळणावर जड होत होते. नदीवरचा धुण्याचा दगड लागला तेव्हा तिनं तिकडे पाहिलं नाही. पोपटीबाईची सलवार आणि डोक्यावरची ओढणी बघायला पोरं दारात आली, आणि पोरांना आत ओढायच्या निमित्तानं बायका आल्या. कुणी हाक मारली नाही.

अंगण माणसांनी भरलेलं होतं. ओटीवर घोंगडी अंथरून पाच पंच बसले होते, मधोमध कोंडाजी. कोंडाजी म्हातारा, भावकीतला वडीलधारा, आणि हिंदुरावाचा भिंतीला भिंत लागून शेजारी. त्याचा शब्द गावात शेवटचा. हिंदुराव खांबाला टेकून उभा होता: धुवट धोतर, पांढरी टोपी, चेहऱ्यावर लग्नघरच्या यजमानाचं हसू. आतल्या दाराच्या चौकटीला लागून रखमाबाई बसली होती आणि तिच्या मागे, उंबऱ्यावर, सखू.

आईला पाहून सखू हसली नाही की रडली नाही. ती आईकडे पाही, मग बापाच्या टोपीकडे पाही, मग पुन्हा आईकडे. एवढंसं पोर हवा बघणाऱ्या कोळ्यासारखं सावध झालं होतं.

"ये ग, वर ये," हिंदुराव गोड आवाजात म्हणाला. "उन्हात कशाला?"

"हितंच बरी हाय," कौसा म्हणाली आणि पायरीच्या खाली, अंगणात बसली.

रखमाबाई उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन पायरी उतरून आली. एका हातानंच तिनं तो तांब्या पोपटीबाईपुढे धरला. पोपटीबाई घामानं निथळत होती. सिंध्यांच्या घरी आल्या-गेल्याला आधी पापड आणि पाणी. ते नाकारणं म्हणजे घरधन्याच्या तोंडावर मारणं. तिनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला, वरून घटाघटा प्याली, आणि उरलेला सहज कौसाच्या हातात दिला.

"पी ले बेटी. गला सूख गया होगा."

पाण्याची अट तिला सांगायची राहूनच गेली होती. अंगणातली सगळी कुजबुज थांबली. हिंदुराव खांबापासून किंचित पुढे झाला. कौसाच्या घशाला खरंच कोरड पडली होती, आणि तांब्या गार होता, त्याचं पाणी तिच्या बोटांवर ओघळलं होतं. तिनं तांब्या तोंडाकडे नेला नाही. उठली, तुळशीपाशी गेली, सगळं पाणी वृंदावनात ओतलं आणि तांब्या पायरीवर उपडा ठेवून परत बसली. पोपटीबाई तिच्याकडे बघत राहिली. मग ओटीवरच्या तोंडांकडे पाहून तिला काहीतरी उमगलं आणि तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"बोला," कोंडाजी म्हणाला.

हिंदुराव असा बोलला की दगडाला पाझर फुटावा. बायको रागीट, पण माझीच. घरात लक्ष्मी नाही, आईचं वय झालं, पोर आईवाचून सुकली. लोक काय काय बोलतात, कॅम्पात सिंध्यांत राहते म्हणतात, तरी माझ्या मनात किंतु नाही. मी नांदवायला तयार आहे. बायकांतून एकदोन उसासे ऐकू आले. गूळ कसा वाटायचा हे त्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं.

"कौसे, तू बोल."

कौसानं उजवा हात वर केला आणि बांगड्या मागे सारल्या. मनगट वाकडं दिसत होतं. "हे त्यानं केलं. असं सहा वरसं केलं."

"हिरीवर पाय घसरला तिचा," हिंदुराव लगेच म्हणाला. "आईला विचारा."

कोंडाजीनं मान वळवली. "पडली का ग, रखमे?"

रखमाबाईनं डोळे मिटले. "पडली," ती म्हणाली.

"कुनी बघितलंय का? मार बघितलाय, आयकलाय, असा कुनी हाय का हितं?"

भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस हे विचारत होता. कौसानं अंगणभर नजर फिरवली. ज्या बायकांनी तिच्या पाठीवरचे वळ नदीवर पाहिले होते त्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. तिला रडू आलं नाही, किळस आली. एवढी माणसं, आणि एकालाही कान नाहीत.

"मग काडी कशी मोडायची?" कोंडाजी दमलेल्या आवाजात म्हणाला. "नवरा नांदवतो म्हनतो. हिंदुराव, टोपी ठेवशील? पंचांपुढं वचन देशील?"

"देतो की."

संपलं, कौसाच्या मनात आलं. तिनं पायरीचा दगड हातानं घट्ट धरला. पोपटीबाईला काही कळलं नव्हतं, पण तिनं कौसाच्या पाठीवर हात ठेवला. हिंदुरावानं पंचांकडे पाहिलं, मग कौसाकडे पाहून जरासा हसला. मग त्यानं दोन्ही हात वर नेले आणि टोपी डोक्यावरून काढली.

उंबऱ्यावर बसलेली सखू उठली.

तिनं कुणाकडे पाहिलं नाही. ओटीवरून पंचांच्या पाठीमागून चालत गेली आणि रस्त्याकडची खिडकी लावली. फळी तिच्या डोक्यावर होती, म्हणून टाचा उंचावून लावली. परत आली. आजीला वळसा घालून आत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"पोर लाजली," कुणीतरी म्हणालं आणि एकदोघं हसली.

मग जातं सुरू झालं.

आधी हळू, दोन दगड एकमेकांना जागे करत असल्यासारखं. मग एक फेरा, दुसरा फेरा, आणि मग ती करकर अंगणभर पसरली. दातांना झिणझिण्या आणणारा आवाज, पिठाचा गंधही नसलेला. अंगणातल्या प्रत्येक बाईनं तो ओळखला. काहींनी हा आवाज ऐकत पोरांना निजवलं होतं, काहींनी तो ऐकून सुनांना टोमणे मारले होते. हसणारी माणसं हसायची थांबली. एका पंचानं तोंड उघडलं, तशी कोंडाजीनं हातानं त्याला गप्प केलं. तो म्हातारा कान देऊन ऐकत होता, बहुधा पहिल्यांदाच.

"रखमे," तो म्हणाला, "तू तर हितं बसलीस. मग जातं कोन फिरवतंय?"

रखमाबाईनं दाराकडे पाहिलं.

"आनि रिकामं का फिरवतंय?"

"पोरखेल हाय, काका," हिंदुराव म्हणाला. टोपी अजून त्याच्या हातातच होती. ती खाली ठेवायची की डोक्यावर घालायची, हे त्याला सुचेना.

"तू थांब. रखमे, मना एक सांग. ही सून घरात व्हती तवा तुजं जातं येलीअवेली वाजायचं. मी म्हनलो, बाई कामाची हाय." कोंडाजीचा आवाज खाली आला. "सून जाऊन दीड वरीस झालं. जातं वाजायचं काय बंद झालं नाय. परवाच्या दुपारी वाजत व्हतं. परवा कोनासाठी वाजत व्हतं?"

जातं फिरत होतं. रखमाबाईनं पदराखालचा डावा हात बाहेर काढला. कोपरापासून मनगटापर्यंत तो सुजून काळानिळा पडला होता. तिनं तो मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं बघत राहिली.

"माज्यासाठी," ती म्हणाली.

कौसाला एकदम सगळं दिसलं. जत्रेत पदराखाली गुंडाळलेला तो हात दिसला, पोरीचे घट्टे दिसले. मी पळाले आणि माझ्या जागी म्हातारी आली. आणि म्हातारीच्या जागी, जात्यापाशी, माझी पोर आली.

"हिनं शिकवलंय पोरीला!" हिंदुरावाचा गोडवा उतरला. "थांबा, दारच फोडतो." तो दाराकडे धावला, आणि त्याचं पाऊल ऐकून आतलं जातं दुप्पट जोरानं फिरू लागलं. दोन पंचांनी उठून त्याला दंडाला धरलं आणि मागे ओढलं.

"सखू," रखमाबाई दाराला तोंड लावून म्हणाली, "झालं ग. झालं."

जातं थांबलं नाही.

तेव्हा कौसाला कळलं. पोर आजीसाठी दळतच नव्हती. तिनं आईला अंगणात पाहिलं होतं, बापाच्या हातात टोपी पाहिली होती. आज मार कुणाला बसणार, ते तिनं तिच्या इवल्या डोक्यानं ठरवून टाकलं होतं, आणि आईचं ओरडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जीव खाऊन ती तो दगड फिरवत होती. ज्याला मार बसतो त्यानंच 'झालं' म्हणायचं, ही त्या घरातली रीत. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यानं जातं थांबत नसे.

कौसा उठली. समोर पायरी होती. ती चढली तर दीड वर्षाचं सगळं मातीला मिळत होतं: खोपटं, कडी, बाजेवरचे पापड, सगळं. आत पोरीच्या हाताची सालं निघत होती. कौसानं विचार केला नाही. ती पायरी चढली.

"चढली!" हिंदुराव पंचांच्या हातातूनच ओरडला. "पायरी चढली! समद्यांनी बघितलं! आता कसली काडी!"

कोंडाजी उभा राहिला. त्यानं कौसाकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याच भिंतीकडे जिच्या पलीकडे त्याचं घर होतं.

"कोन चढली?" तो भिंतीला म्हणाला. "मना नाय दिसली. इतकी वरसं ह्या कानांनी काय आयकलं नाय. आज डोल्यांना पन नाय दिसलं."

बाकीचे पंच आपापल्या पायाच्या अंगठ्यांकडे बघू लागले. अंगणातल्या बायकांनी एकामागून एक तोंडं फिरवली. कुणी तुळशीकडे पाहिलं, कुणी आभाळाकडे. अख्खं गाव पाठमोरं झालं, आणि हिंदुरावाला साक्ष द्यायला एक माणूस उरला नाही.

कौसानं दाराच्या फटीला तोंड लावलं. "सखू. झालं."

जातं संथ झालं, पण थांबलं नाही. पोरीला हा आवाज आठवत होता आणि खरा वाटत नव्हता.

"झालं ग बाय. मी उभी हाय बघ, पडले नाय. मना कुनी हात लावला नाय. खुंटा सोड आता. हात दुखले असतील माज्या बायचे."

जातं थांबलं. मग कडी निघाली, दार बोटभर उघडलं आणि फटीतून एक डोळा आईला पायापासून डोक्यापर्यंत तपासून गेला. रक्त नव्हतं. मग सखू बाहेर आली आणि आईच्या लुगड्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. कौसा पण रडली. कुणाला काय वाटेल याची तिला आता पर्वा नव्हती.

कोंडाजीनं गोठ्याच्या छपरातून गवताची एक काडी ओढली आणि हिंदुरावापुढे धरली.

"मी मोडनार नाय."

"नको मोडूस. मग पंच मोडतील, आनि उद्यापासून तुज्या चुलीला गावातला इस्तव नाय, गावच्या हिरीचं पानी नाय. मेलास तर खांदा नाय."

हिंदुरावानं काडी घेतली. ती एकदम मोडली नाही, पिळून तोडावी लागली. दोन तुकडे कौसाच्या पायाशी पडले. तिनं ते उचलून पदराला बांधले.

"पोर आईची," कोंडाजी म्हणाला आणि खाली बसला. त्याला कुणाच्याही तोंडाकडे बघवत नव्हतं.

सखूला कडेवर घेऊन कौसा निघाली. अंगणातून बाहेर पडेपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही. पोपटीबाई पुढे चालत होती, माणसांना बाजूला सारत. बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी, आल्यावर सखूनं मान वर केली.

"आये, आता आजीचं जातं कोन फिरवील?"

कौसा थांबली. मागे वळून पाहिलं. ओटीवरून पंच उतरत होते, माणसं पांगत होती. रखमाबाई चौकटीपाशी तशीच बसली होती, सुजलेला हात मांडीवर घेऊन. ती काही मागत नव्हती. हाकही मारत नव्हती. कौसाला तिची कीव आली नाही. त्या बाईनं सहा वर्षं तिचा आवाज दगडाखाली दळला होता, थोड्या वेळापूर्वी पंचांपुढे खोटं बोलली होती, आणि तो राग कौसाच्या हाडात बसला होता. तो जाणार नव्हता. पण पोरीनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं.

पोपटीबाई वाट बघत उभी होती.

"आत्या," कौसानं बेड्यावरूनच हाक मारली. "चला."

रखमाबाईला पहिल्यांदा ते खरं वाटलं नाही. मग ती एका हातानं चौकट धरून उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि पायरी उतरली. हिंदुराव काहीतरी ओरडला, पण ती थांबली नाही. चालताना ती कौसाच्या फार जवळ आली नाही, चार पावलं मागेच राहिली, आणि कौसानंही तिला जवळ बोलावलं नाही.

नदीच्या वाटेला लागेपर्यंत सखू आईच्या खांद्यावरून मागे बघत होती. ओटीवर हिंदुराव एकटाच उभा होता. टोपी त्याच्या हातात होती आणि त्या घरात आता दार लावायला कुणी नव्हतं.